विश्लेषण : गर्भवतींच्या लाल गोळीतला दुसरा घटक परळमध्ये कसा गवसला? कोण होत्या लुसी विल्स?

सरकारी दवाखान्यात गर्भवतीची नोंदणी झाली, की काही आठवड्यांनी तिच्या हातात लाल गोळ्यांचे पाकीट पडते. घरोघरी या गोळीला रक्तवाढीची गोळी म्हणतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. रक्तासाठी लोह लागते, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. पण सोबतचे फॉलिक अ‍ॅसिड कशासाठी आणि ते गोळीत आले कुठून, याची कल्पना थोड्यांनाच असते. त्या घटकाचा माग पहिल्यांदा लागला तो जवळपास शंभर वर्षांपूर्वी, परळच्या हाफकिन संस्थेत. तो काढणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांची आणि त्यांच्या शोधाची ही कहाणी.

हिमोग्लोबिन आणि लोहाचे नाते काय?

रक्ताला लाल रंग देणारे प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरून ठेवतो. फुप्फुसात ऑक्सिजन उचलायचा आणि शरीरभर पोहोचवायचा, हे त्याचे काम. एका लाल पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण लोह जेमतेम तीन ते चार ग्रॅम असते आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्येच गुंतलेले असते.

लाल पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे. जुन्या पेशी मोडीत निघतात तशा नव्या तयार कराव्या लागतात. हाडांच्या आतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी तयार करते. या कारखान्याला दोन गोष्टी सतत लागतात. पेशीत भरायला हिमोग्लोबिन हवे, त्यासाठी लोह लागते. आणि मुळात पेशींची संख्या वाढायला हवी, त्यासाठी पेशींचे विभाजन व्हावे लागते. लोहाचा पुरवठा तुटला तर पेशी लहान आणि फिकट होतात. विभाजन अडले तर पेशी मोठ्या, पण संख्येने कमी होतात. दोन्ही वेळा हिमोग्लोबिन घटते, दोन्ही वेळा बाई थकते, तिला धाप लागते, चेहरा पांढरा पडतो. आजार मात्र वेगळे असतात. १९२० च्या दशकात यातला पहिला आजार डॉक्टरांना चांगला माहीत होता. दुसऱ्याचे कोडे सुटायचे होते.

लुसी विल्स कोण होत्या?

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. वडिलांचे घराणे विळे-कोयत्यांसारखी धारदार अवजारे बनवण्याच्या धंद्यातले, तर आई डॉक्टरची मुलगी. वडील स्वतः विज्ञानाचे पदवीधर होते, त्यामुळे घरात विज्ञानाचे वातावरण होते. चेल्टनहॅम लेडीज कॉलेज ही मुलींना विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्या त्या काळच्या मोजक्या शाळांपैकी एक. तिथून लुसी १९०७ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या आणि वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकल्या. १९११ मध्ये परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना परीक्षेला बसू देत असे, पदवी देत नसे. ती दारे उघडायला १९४८ साल उजाडले.

त्याच वर्षी वडील गेले आणि दोन वर्षांनी बहीणही. या धक्क्यांनंतर लुसी आईसोबत श्रीलंकेला आणि मग भावासोबत दक्षिण आफ्रिकेला गेल्या. तिथे असतानाच पहिले महायुद्ध पेटले. भाऊ सैन्यात भरती झाला, लुसी यांनी काही काळ रुग्णसेवा केली. इंग्लंडला परतल्यावर १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचे वय ३२ होते. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी संशोधनाची वाट धरली. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्या गर्भारपणात शरीरात होणाऱ्या रासायनिक बदलांचा अभ्यास करू लागल्या.

मुंबईत त्यांना कशासाठी बोलावले गेले?

त्या काळात भारतात बाळंतपणात आणि त्याच्या आगेमागे होणारे मृत्यू ही मोठी चिंता होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने या मृत्यूंच्या कारणांची चौकशी सुरू झाली होती आणि त्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने निधी दिला होता. आजची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद ही त्याच संस्थेचे पुढचे रूप. चौकशीत एक आजार वारंवार समोर येत होता. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाईचे रक्त झपाट्याने कमी होई, अंगावर सूज येई, आणि आजार टोकाला गेला की आई व बाळ दोघेही दगावत. या आजाराच्या अभ्यासासाठी १९२८ मध्ये लुसी विल्स मुंबईत आल्या.

त्यांचे कामाचे ठिकाण होते परळची हाफकिन संस्था. प्लेगच्या साथीत लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन यांनी उभारलेली प्रयोगशाळा १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये होती. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. आजूबाजूला गिरणगाव पसरले होते. गिरण्यांचे भोंगे, चाळींतल्या दाट वस्त्या आणि तुटपुंजी मजुरी. १९२८ हे वर्ष तर गिरणी कामगारांच्या सहा महिन्यांच्या प्रदीर्घ संपाचे. या आजाराने ज्या बायका दगावत होत्या त्यांच्यात गरीब, कष्टकरी बायकाच अधिक होत्या आणि त्यांत गिरणीत काम करणाऱ्याही होत्या.

लोह हे उत्तर का नव्हते?

विल्स यांनी या बायकांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. लोहाच्या कमतरतेत दिसतात तशा लहान, फिकट पेशी तिथे नव्हत्या. उलट पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या आणि संख्येने फार कमी. म्हणजे पेशीत भरायचा माल कमी पडत नव्हता, पेशी बनण्यातच अडथळा होता. लोहाने हा आजार बरा होण्यासारखा नव्हता.

असेच रक्त आणखी एका आजारात दिसत असे. त्याचे नाव पर्निशियस अ‍ॅनिमिया, म्हणजे घातक रक्तक्षय. त्याच सुमारास, १९२६ मध्ये, अमेरिकेतील जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी रोज भरपूर यकृत खायला दिल्यास हा आजार आटोक्यात येतो, हे दाखवले होते. या कामासाठी पुढे त्यांना जॉर्ज व्हिपल यांच्यासह १९३४ चे नोबेल मिळाले. पण पर्निशियस अ‍ॅनिमिया प्रामुख्याने उतारवयातल्या गोऱ्या लोकांमध्ये आढळणारा आजार मानला जात असे. गिरणगावातल्या तरुण गर्भवतींना झालेला आजार तोच की वेगळा, हा प्रश्न होता.

ताटाकडे लक्ष कसे गेले?

विल्स यांनी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली आणि सोबत आणखी एक काम हाती घेतले. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतील बायका काय खातात, कशा राहतात, याची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या आहारात ताज्या भाज्या, फळे, दूध यांसारख्या पोषक पदार्थांची वानवा होती, त्यांनाच हा आजार अधिक होत होता. गरीब मुस्लिम वस्त्यांमधील बायकांचा आहार सर्वांत निकृष्ट निघाला आणि आजाराचे प्रमाणही त्यांच्यातच जास्त होते. खाऊनपिऊन सुखी घरांतल्या बायकांमध्ये हा आजार क्वचितच दिसे. वस्ती, जात, धर्म यांमागे लपलेले खरे कारण ताटात होते.

मधल्या काळात, १९२९ मध्ये, त्या निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतही गेल्या. भारतातील पोषण संशोधनाचे अध्वर्यू रॉबर्ट मॅककॅरिसन यांची प्रयोगशाळा तिथे होती. १९३१ च्या सुरुवातीला मद्रासमध्येही त्यांनी काम केले. उन्हाळ्यात त्या लंडनला परतत आणि पुन्हा मुंबईला येत.

उंदीर, माकडे आणि यीस्ट यांचा काय संबंध?

आहारातली नेमकी कोणती गोष्ट कमी पडते, हे शोधण्यासाठी विल्स यांनी उंदरांना या बायकांसारखाच निकृष्ट आहार दिला. गाभण उंदरांचे रक्त कमी झाले. त्याच आहारात यीस्ट मिसळले, की रक्तक्षय टळत होता. धागा हाती लागल्यासारखे वाटले. पण पुढे अडचण लक्षात आली. उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरणारा एक जंतूही त्यांच्यात रक्तक्षय घडवत होता. म्हणजे निष्कर्ष पूर्ण भरवशाचा नव्हता. विल्स यांनी तो झाकून न ठेवता आपल्या शोधनिबंधात स्पष्ट नोंदवला आणि मग मोर्चा माकडांकडे वळवला. एच. एस. बिलिमोरिया यांच्यासोबत केलेल्या या प्रयोगात निकृष्ट आहारावरच्या माकडांमध्येही बायकांसारखाच, मोठ्या पेशींचा रक्तक्षय दिसला.

यीस्टसाठी त्यांनी निवडले मार्माइट. बीअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून बनवलेला हा काळपट, खारट, दाट अर्क इंग्लंडमध्ये पावाला लावून खाल्ला जाई. तो स्वस्त होता आणि टिकायचा. यकृताचे अर्क मात्र महाग होते. ज्यांना दोन वेळच्या जेवणाची भ्रांत, त्यांना असे महागडे औषध सांगण्यात अर्थ नव्हता.

मुंबईतल्या रुग्ण बायकांना मार्माइट देण्यास सुरुवात झाली. काही दिवसांतच फरक दिसू लागला. अन्नाकडे पाहवत नव्हते त्यांना भूक लागू लागली, रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, हिमोग्लोबिन चढू लागले. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांचा निबंध प्रसिद्ध झाला. यीस्टच्या अर्काने हा जीवघेणा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी जगासमोर मांडले.

हा शोध वेगळा कसा ठरला?

यीस्टमध्ये नेमके काय आहे, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. यकृतात असलेलाच घटक यीस्टमध्ये असावा, असा सर्वसाधारण समज होता. विल्स यांना तो पटला नाही. १९३३ मध्ये त्या लंडनला कायमच्या परतल्या, पण काम थांबवले नाही. १९३७-३८ मध्ये त्या पुन्हा हाफकिनमध्ये येऊन गेल्या. या वर्षांत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. यकृताचा कच्चा अर्क या रक्तक्षयावर चालतो. तोच अर्क शुद्ध केला, की पर्निशियस अ‍ॅनिमिया बरा होतो, पण हा रक्तक्षय बरा होत नाही. म्हणजे यकृतात दोन वेगवेगळे घटक होते आणि शुद्ध करताना त्यातला एक निघून जात होता. या निसटणाऱ्या घटकाला विल्स फॅक्टर असे नाव पडले.

पुढे दोन्ही घटकांची ओळख पटली. पर्निशियस अ‍ॅनिमिया बरा करणारा घटक म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते १९४८ मध्ये वेगळे काढता आले. विल्स फॅक्टर म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडच्या कुळातले जीवनसत्त्व. १९४१ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी तब्बल चार टन पालकातून हा घटक काढला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव दिले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा आंध्रातील भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. मुंबईत गवसलेल्या घटकाच्या निर्मितीतही असा एका भारतीयाचा हात लागला.

फॉलिक अ‍ॅसिड शरीरात काय करते?

पेशीचे विभाजन व्हायचे तर तिच्यातील डीएनएची नक्कल व्हावी लागते. डीएनए बनवण्यासाठी फॉलेट अत्यावश्यक असते. ते नसेल तर पेशी वाढत राहते, पण वेळेवर विभागत नाही. म्हणून अस्थिमज्जेत मोठ्या, अपरिपक्व पेशी साचतात आणि रक्तात पोहोचणाऱ्या पेशी कमी पडतात. गर्भारपणात गर्भ, वार आणि आईचे वाढते रक्त या तिन्ही ठिकाणी पेशींचे विभाजन जोरात सुरू असते. त्यामुळे फॉलेटची गरज वाढते. लोहाचेही तसेच. एका गर्भारपणासाठी एकूण सुमारे एक ग्रॅम जादा लोह लागते. आधीच रिकाम्या असलेल्या शरीराला हा भार पेलत नाही. विल्स यांनी गिरणगावात पाहिले ते हेच होते.

लोहावरही त्यांनी काम केले का?

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग सुरू होते. गर्भवतींच्या हिमोग्लोबिनवर त्याचा काय परिणाम होतो आणि सरसकट लोह दिल्याने किती फरक पडतो, याचा अभ्यास विल्स आणि सहकाऱ्यांनी केला. तो १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात, जुलै १९४४ मध्ये, जर्मनीचा उडता बॉम्ब रॉयल फ्री रुग्णालयावर पडला आणि कामात खंड पडला. तरी युद्ध संपेपर्यंत त्या तिथल्या विकृतिशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि रक्तविकारांचा स्वतंत्र विभागही त्यांनी उभा केला होता.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असे फिरत त्यांनी पोषण आणि रक्तक्षयाच्या पाहण्या केल्या. रोज सायकलवरून कामाला जाणाऱ्या आणि सुटीत डोंगर चढणाऱ्या विल्स यांनी लग्न केले नाही. आयुष्याच्या शेवटच्या दशकात त्या लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शोधाचे पुढचे फळ कोणते?

फॉलिक अ‍ॅसिडचा सर्वांत मोठा उपयोग विल्स यांच्या पश्चात कळला. गर्भ राहिल्यानंतर पहिल्या चार आठवड्यांतच बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा घडवणारी नळी बंद होते. ती नीट बंद झाली नाही तर गंभीर व्यंग राहते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात, आधी असे बाळ झालेल्या मातांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिल्यास हे व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असे दिसले. म्हणूनच डॉक्टर ही गोळी दिवस जाण्याआधीपासून सुरू करायला सांगतात. पाळी चुकल्याचे कळेपर्यंत ती नळी बंद होण्याची वेळ जवळजवळ टळलेली असते.

आज याचा अर्थ काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना आणि निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आहे. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले, की तिला रक्तक्षय आहे असे मानतात. भारतात त्याचे सर्वांत मोठे कारण आजही लोहाची कमतरता हेच आहे. म्हणून गर्भारपणात किमान १८० दिवस लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घ्यायची असते. गोळीने मळमळ होते, शौचाला काळे होते, म्हणून अनेकजणी ती मध्येच सोडतात. काळा रंग निरुपद्रवी असतो. मळमळ होत असेल तर गोळी बंद न करता ती रात्री जेवणानंतर घेता येईल का, हे डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारावे. गोळीच्या आगेमागे चहा टाळावा, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू, आवळा यांनी मात्र मदत होते. फॉलेटसाठी पालक, मेथीसारख्या पालेभाज्या, हरभरे, चवळी, मूग अशी कडधान्ये ताटात हवीत. भाजी फार वेळ शिजवली तर त्यातले फॉलेट बरेचसे नष्ट होते.

आणि गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर नुसत्या गोळ्या वाढवून भागत नाही. रक्ततपासणीच्या अहवालात एमसीव्ही नावाचा आकडा असतो. तो पेशींचा आकार सांगतो. पेशी लहान असतील तर बहुधा लोह कमी असते, पण थॅलेसेमियाही असू शकतो. मोठ्या असतील तर फॉलेट किंवा बी-१२ कमी असण्याची शक्यता असते. बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून सुरूच राहते. त्यामुळे हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

रक्त कमी आहे, एवढे कळणे ही सुरुवात असते. ते कशामुळे कमी आहे, पेशी कशा दिसतात आणि त्या बाईच्या ताटात रोज काय पडते, हे प्रश्न त्यानंतर यायला हवेत. लुसी विल्स यांनी परळमध्ये तेच विचारले होते. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला दुसरा घटक आहे, तो त्या प्रश्नांमुळे.